नकाशावरची टाचणी

मानवजातीच्या समस्त दुःखाचं मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे अपुरी माहिती. योग्य माहिती योग्य माणसाला योग्य वेळी मिळाली तर युद्धं थांबतील, संसार टिकतील आणि कोर्टांना टाळं लागेल, असं नव्याण्णवचं ठाम मत होतं. हे मत तो रविवारी दुपारी एका टेबलाखाली उताणा पडून, दातांत स्क्रू धरून मांडत होता. त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या, संस्था चालवणाऱ्या बाईंना त्यातलं फक्त 'कोर्ट' तेवढं कळलं आणि त्या म्हणाल्या, "कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तू आधी प्रिंटर चालू कर." तेवढ्यात बाहेरचं फाटक कोणीतरी हलकेच वाजवलं आणि एक पुरुषी आवाज, दुकानात भाव विचारावा इतका मऊ, म्हणाला, "नकाशा तर इथंच दाखवतोय." नव्याण्णवचं कपाळ टेबलाच्या फळीवर आपटलं. स्क्रू गिळला गेला नाही, ही त्या दिवसातली शेवटची चांगली गोष्ट.

त्या घरात पुरुषाचा आवाज सहसा ऐकू येत नसे. नव्याण्णवचा आवाज होता, पण तो कोणी पुरुषात धरत नसे, प्रिंटरच्या खडखडीत धरत असे. हॉलमध्ये शिवणयंत्र थांबलं. स्वयंपाकघरात पातेलं ठेवता ठेवता कोणाचातरी हात अधांतरी राहिला. हे त्याला दिसलं नाही, पण पातेलं टेकल्याचा आवाज आला नाही, त्यावरून समजलं. बाई म्हणाल्या, "कुरिअरवाला असेल," पण बोलताना त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि काम अर्धवट सोडून पेनाला टोपण लावणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. आवाजाची धास्ती सगळ्यांनी घेतली होती. 'नकाशा' या शब्दाची धास्ती मात्र एकट्या नव्याण्णवने घेतली, कारण तो नकाशा त्याने केला होता. टेबलाखाली धूळ होती, तुटलेली टाचणी होती, कोणाच्यातरी लहान मुलीचा एक बूट होता. आपण इथेच राहावं, असं त्याला फार मनापासून वाटलं.

कॉलेजात त्यांचं एक सेवाभावी संगणक पथक होतं. सुट्टीच्या दिवशी एकेका संस्थेत जायचं, फुकटात त्यांचे संगणक दुरुस्त करायचे, आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र घेऊन फोटोत उभं राहायचं. कोणाच्या वाट्याला वाचनालय आलं, कोणाच्या मांजरांचा दवाखाना, एकीच्या वृद्धाश्रम, जिथले एक आजोबा दर आठवड्याला तोच पासवर्ड विसरत आणि तिला त्यासाठी तीच लिमलेटची गोळी खायला देत. नव्याण्णवच्या वाट्याला हे घर आलं: मारहाणीतून पळून आलेल्या बायकांचं. बाहेर पाटी नव्हती. पहिल्या दिवशी तो ते शोधत गल्लीतून एवढा फिरला की कुत्री भुंकायची थांबली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, तर तो वाफेतून वर न बघता म्हणाला, "असलं काही नाही इथे." आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "हिरवं फाटक. पण मी सांगितलं नाही." फाटकावर मावशी असत, घराच्या राखणदार, स्वयंपाकी आणि गृहमंत्री. त्यांनी त्याचा फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकला, झाकण लावलं आणि नियम सांगितला: "इथला पत्ता कुठे बोलायचा नाही, कुठे लिहायचा नाही. कळलं का, कॉम्प्युटरदादा?" त्याला कळलं. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र जसं कळतं, तसं कळलं.

मग महिने गेले आणि त्याचा जीव तिथे रमला. मावशींना त्याने ईमेल शिकवला, पत्त्यातलं ते गोल शेपटीचं चिन्ह बघून मावशी म्हणाल्या, "ही गोगलगाय इथे काय करतेय?" आणि तेव्हापासून त्या घरात त्या चिन्हाचं नाव गोगलगायच पडलं. मुलांना त्याने चित्रं रंगवायला शिकवलं. आणि शिवणवालीला मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव छापून दिलं, तेव्हा तिने तो कागद दुमडून यंत्राच्या खणात ठेवला. शिवणवालीचा डावा कान बहिरा होता. जन्मतः नव्हे, नवऱ्याच्या एका थपडेत गेला, आणि नवऱ्याने पुढे तिलाच विचारलं होतं, "बहिरी आहेस का?" हे तिनेच सांगितलं होतं, हसून, दोरा दाताने तोडता तोडता. त्यामुळे ती नेहमी भिंतीला डावी बाजू लावून बसे. त्या बाजूने कोणी आलेलं तिला कळत नसे, म्हणून त्या बाजूला ती कोणालाच येऊ देत नसे. पण एके दिवशी संगणकाची वायर त्याच भिंतीतून घ्यायची होती, आणि शिवणवालीने स्टूल पुढे ओढलं, तिच्या आणि भिंतीच्या मधे त्याला जागा करून दिली, आणि पुढचा तासभर त्याच्याकडे बहिरा कान करून शिवत राहिली. नव्याण्णवला आयुष्यात पुष्कळ प्रमाणपत्रं मिळाली होती. त्या तासाएवढं मोठं एकही नव्हतं. 

कारण त्याने स्वतःशी एक गोष्ट ठरवलेली होती: हात उचलायचा नाही. कोणावर, कधीही. कॉलेजात कोणी कॉलर धरली तर तो हात खिशात घाले आणि मुलं म्हणत, "काय थंड डोक्याचा आहे रे नव्याण्णव!" हे टोपणनाव त्याने स्वतःच आणलं होतं. शाळेत गणितात नव्याण्णव पडले म्हणून बाबा रागावले, अशी गंमत तो सांगायचा. गंमत सांगताना मीटरपट्टी वगळायचा. त्याचे बाबा वजनमापं तपासणारे अधिकारी होते. बाजारात त्यांना देवमाणूस म्हणत. एक पैसा कधी खाल्ला नाही, एक ग्रॅम कधी सोडला नाही. कापड मोजायची एक पोलादी पट्टी, कुठल्यातरी लबाड दुकानातून जप्त केलेली, घरी दारामागे टांगलेली असे. ती दोन बोटं आखूड होती, हे ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. त्या गणिताच्या दिवशी त्यांनी प्रगतिपुस्तक पाहिलं, चष्मा काढून टेबलावर नीट ठेवला, पट्टी घेतली आणि अगदी शांतपणे विचारलं, "उरलेला एक कुठे गेला?" प्रश्न खराखुरा होता. त्याला उत्तर हवं होतं, आणि कुठलंही उत्तर चालत नव्हतं. पाठीवर, पोटऱ्यांवर, मग हात मधे आले तर हातांवर. पट्टी सपाट बसली की फटकन वाजायची, कडेने बसली की वाजायची नाही. न वाजणारी वाईट. आई दारात उभी, एक हात कडीवर, आणि कुजबुजत होती, "चुकलं म्हण. चुकलं माझं म्हण, बाळा." तो म्हणाला. बाबा म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. एक कुठे गेला?" हे बरीच वर्षं चाललं, आणि मग एका सकाळी दाढी करताना बाबांचा उजवा हात खाली पडला तो पुन्हा वर गेला नाही. जीभही जड झाली. अशा रीतीने त्या घरातली मारहाण वैद्यकीय कारणास्तव बंद पडली. कोणाला पश्चात्ताप झाला नाही, कोणी माफी मागितली नाही. एक खातं बदलीविना रिकामं राहावं तसं झालं, एवढंच.

आणि त्या प्रश्नानेच घात केला. संस्थेची वेबसाइट करून झाल्यावर त्याने ती एका तपासणीयंत्रणेतून काढली. ही यंत्रणा वेबसाइटला शंभरपैकी गुण देते. गुण पडले चौऱ्याण्णव. खाली लाल अक्षरांत: 'ठिकाण आढळले नाही.' ज्याच्या पोटऱ्यांवर एका गुणाचे वळ आहेत, त्याला सहा गुण गेलेले बघून काय वाटलं असेल, हे सांगत बसण्यात अर्थ नाही. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग त्याने विचार केला की पत्ता लिहायचा नाही हा नियम आहे, आणि आपण तो लिहिणारच नाही. फक्त नकाशावर एक लाल टाचणी. टाचणी म्हणजे काही पत्ता नव्हे. शिवाय पुढच्या वर्षी पथकातलं दुसरं कोणी येईल, त्याला बिचाऱ्याला इस्त्रीवाल्याच्या वाफेत उभं राहायला नको. त्याने टाचणी लावली. शंभर झाले. त्या रात्री तो लहान मुलासारखा झोपला. कोणाच्या लहानपणासारखा, ते विचारू नका.

"कोण हवंय?" बाहेर मावशींचा आवाज.

"बायको हवीय," तो मऊ आवाज म्हणाला. "मी काही भांडायला आलो नाही, मावशी. न्यायला आलोय. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच."

"इथे कोणाची बायको राहत नाही. चला, निघा."

"असं कसं? मघाशी यंत्र चालू होतं. तिचा पाय मी ओळखतो. जरा चालतो, जरा थांबतो. आळशी पाय आहे."

आता टेबलाखालून दिसत होतं ते एवढंच: हॉलची फरशी, शिवणयंत्राचं लोखंडी पायडल आणि त्यावर दोन पाय, जागच्या जागी थिजलेले. त्या पायांखाली ओल पसरत होती. माणसाला भीतीने असं होतं हे नव्याण्णवला माहीत होतं. माहीत होतं कारण त्याच्या चादरी आई पहाटे धुवायची. बाई उठल्या. "मागच्या खोलीत चला सगळ्या," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. पण तो माणूस शटरवाला होता. दुकानांची लोखंडी शटरं बसवणं आणि अडकलेली उघडणं हा त्याचा धंदा, आणि त्याच्या हातात शटर खाली ओढायची आकड्याची कांब होती. फाटकाचं कुलूप त्याने तोडलं नाहीच. कुलूप तोडतात ते अडाणी. त्याने बिजागरीत आकडा घातला, एकदा पिळला, आणि हिरवं फाटक भिंतीपासून दात उपटावा तसं सुटून मावशींच्या अंगावर आलं. मावशींचा आवाज झाला नाही. झाला तो डब्याचा. बिस्किटांचा डबा फरशीवर पडला आणि सगळ्यांचे फोन घरंगळत चहूकडे गेले.

पुढचं सगळं फार हळू घडलं. कोणी म्हणेल क्षणात घडलं, पण ज्याने लहानपणी चष्मा काढून टेबलावर ठेवला जाताना पाहिलाय त्याला विचारा. शटरवाला आत आला. चेहरा साधा होता. घरी पाहुणा आला तर चहा विचारावा असा. त्याने फाटकाखालून निघालेल्या मावशींच्या हातावर पाय दिला, जाणूनबुजून नव्हे, वाटेत होता म्हणून. "चल," तो म्हणाला. शिवणवाली भिंतीला डावी बाजू लावून बसली होती, म्हणजे तिला ऐकू गेलं. ती उठली नाही. त्याने तिचे केस मनगटाभोवती एकदा गुंडाळले, दोरीचं टोक गुंडाळावं तसे, सवयीने, आणि ओढलं. स्टूल उलटलं. यंत्र तिच्याबरोबर आडवं झालं, आणि तिची हनुवटी त्याच्या कडेवर आपटून जिभेतून रक्त आलं. एक मूल ओरडू लागलं. बाई मधे पडल्या तर त्याने कांबीचा दांडा त्यांच्या पोटात टोचला, आणि बाई, ज्यांना नव्याण्णवने कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं, त्या खाली बसल्या. "बाई, तुम्ही शिकलेली माणसं," शटरवाला खरोखरच्या दुःखाने म्हणाला, "तुम्ही तरी समजून घ्यायला हवं होतं." आणि मग त्याला टेबलाखाली पडलेला नव्याण्णव दिसला. त्याचा चेहरा उजळला. "अरे! पुरुषमाणूस आहे होय इथे. तू तरी सांग रे भावा यांना."

तो 'भावा' नव्याण्णवच्या कानात पाऱ्यासारखा शिरला. बाहेर कसा आलो हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. हातात काय आलं हे आठवलं: संगणकाखालची बॅटरीची पेटी, जिला सगळे यूपीएस म्हणतात, विटेसारखी चौकोनी आणि विटेपेक्षा बरीच जड, वीज गेली की संगणकाला सावकाश बंद व्हायला वेळ देणारी, एकूण दयाळू वस्तू. ती त्याने वायरीसकट उपटली आणि शटरवाल्याच्या कानावर घातली. डाव्या. कांब खाली पडली, केस सुटले. इथे थांबला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती आणि छापायच्या लायकीची राहिली नसती. तो थांबला नाही. शटरवाला गुडघ्यावर आला, तेव्हा त्याने पेटी त्याच्या तोंडावर मारली आणि दात खडे चावल्यासारखे वाजले. तो आडवा झाला, तेव्हा नव्याण्णव त्याच्या छातीवर बसला. पेटी सपाट बसली की वाजत होती, कडेने बसली की वाजत नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला नेमकं कसं मारायचं ते येतंय. शिकवल्याशिवाय येतंय; किंवा इतकं शिकवलंय की ते हातात बसलंय. खांदा ढिला, मनगट घट्ट, घाई नाही. आणि, हे त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही, बरं वाटत होतं. एवढी वर्षं बंद असलेलं खातं उघडलं होतं, दिवे लागले होते, कोणीतरी आत खुर्चीवर बसलं होतं आणि त्याला आपलं काम चोख माहीत होतं. खालचा माणूस हात मधे आणत होता. हातांवर. एक बोट विचित्र दिशेला वळलं. खोलीत कोणीतरी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतं, न ओरडता, उत्तर हवं असल्यासारखं, आणि बऱ्याच वेळाने नव्याण्णवला समजलं की तो आवाज आपला आहे. "उरलेला एक कुठे गेला? एक कुठे गेला?"

मग त्याच्या दंडाला काहीतरी लोंबकळलं. शिवणवाली. तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. तिने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला होता, पण ओढत नव्हती; ओढलं तर आणखी चिडतात हे तिला ठाऊक असावं. ती फक्त लटकली होती आणि त्याच्याकडे बघून म्हणत होती, "चुकलं माझं. चुकलं, पुरे. पाया पडते. चुकलं माझं." ती नवऱ्याशी बोलत नव्हती. नवरा तर खाली निपचित पडला होता. नव्याण्णवने मान वर केली. भिंतीला लागून बायका उभ्या होत्या, मुलांना पोटाशी घेऊन, एक कोपर डोक्याच्या वर, आणि त्या सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. मुलंसुद्धा. ज्या मुलीला त्याने परवाच निळा हत्ती रंगवायला शिकवलं होतं तिने डोळे मिटले होते आणि कान झाकले होते, फार सराईतपणे. त्याने पेटी खाली ठेवली. नीट ठेवली, चष्मा ठेवावा तशी.

त्यानंतर जगाने त्याचं फार कौतुक केलं. शटरवाला जगला, जबडा तारांनी बांधून त्याला आधी इस्पितळात आणि तिथून कोठडीत नेलं. मावशींचा हात प्लास्टरमध्ये गेला. जबाब घेणाऱ्या फौजदाराने सगळं ऐकून पेन खाली ठेवलं आणि नव्याण्णवच्या पाठीवर थाप मारली. "स्वसंरक्षण लिहितो. खरं सांगू? आणखी दोन चालल्या असत्या." पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाळ्या वाजवणारे हात आले, दंडाच्या फुगलेल्या बेटकुळ्या आल्या, कोणीतरी लिहिलं, 'आता याला शंभर म्हणा रे!' विभागप्रमुखांनी प्रमाणपत्रात 'धाडसी' हा शब्द घालायचं ठरवलं. घरी गेला तेव्हा आई बाबांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. बाबांनी त्याचा सुजलेला हात पाहिला. डावा हात पुढे करून त्यांनी तो तळव्यावर घेतला, जरासा वर-खाली केला, अडत्याच्या दुकानात माप हातावर तोलून बघत तसा. मग जड जिभेने, फार प्रयत्न करून, एकच शब्द म्हणाले. "बरोबर." पुऱ्या वजनाच्या मापाला म्हणत तो शब्द. जन्मात त्यांनी मुलाला तो म्हटला नव्हता. नव्याण्णवने हात सोडवून घेतला. तो पाणी घ्यायला स्वयंपाकघराकडे वळला, हात आईच्या अंगावरून माठाकडे गेला, आणि आई, बटणं तशीच टाकून, अर्धं पाऊल मागे सरली. तिचं तिलाही कळलं नाही. एक हात तेवढा मागे जाऊन दाराची कडी चाचपत होता.

टाचणी अजून नकाशावर होती, ही गोष्ट त्याच्या त्याच रात्री लक्षात आली. तो ती काढायला बसला तर यंत्रणेने आकडी संकेत मागितला, आणि तो संकेत जाणार संस्थेच्या फोनवर. ही दोन कुलपांची सुरक्षा त्यानेच बसवली होती, आणि बसवताना बाईंना व्याख्यान दिलं होतं: "पासवर्ड माझ्या डोक्यात, संकेत तुमच्या डब्यात. म्हणजे चोर हात चोळत बसेल." आता हात चोळत तोच बसला. पासवर्ड डोक्यात होता, डबा त्यांच्याकडे. फोन केला तर कोणी उचलेना. अनोळखी नंबर उचलायचा नाही हा तिथला नियम, आणि त्याचा नंबर परवापर्यंत ओळखीचा होता. तो रोज टाचणीकडे बघत राहिला. टाचणीखाली लोकांना अभिप्राय द्यायची सोय होती, आणि तिथे एक अभिप्राय होता, घटनेच्या आदल्या दिवसाचा, पाचपैकी तीन तारे: 'ठिकाण सहज सापडले. फाटक जुन्या पद्धतीचे, बिजागऱ्या कमकुवत. शटर व ग्रिलची सर्व कामे वाजवी दरात करून मिळतील.' खाली फोन नंबर. नव्याण्णव हसला. खूप वेळ हसला, आणि आईने बाहेरून विचारलं, "काय झालं?" पण दार उघडून विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तो गेला. फाटकाच्या जागी तात्पुरती जाळी बांधली होती. आत एक टेम्पो लागला होता आणि घर त्यात चढत होतं: गाद्या, पातेली, दोऱ्याने बांधलेली चित्रं, निळा हत्ती सगळ्यांत वर. जाळीपाशी मावशी बसल्या होत्या, गळ्यात प्लास्टरचा हात. त्यांनी त्याला पाहिलं. डबा पुढे केला नाही. डबा मांडीवरच होता. त्याच्यावरचा चांगला हात काही हलला नाही.

"बाई आहेत?" त्याने विचारलं.

"आहेत," मावशी म्हणाल्या. "तू थांब तिथेच."

बाई आल्या. पोटात अजून दुखत असावं. चालताना त्या एक हात तिथे धरत होत्या. जाळी त्यांनी उघडली नाही.

"बाई, तो नकाशा..." तो म्हणाला. "ती टाचणी मी लावली होती. तो त्यावरून आला. सगळं माझ्यामुळे..."

"कळलंय ते आम्हाला."

"माझं..." आणि तो शब्द त्याच्या तोंडाशी आला, लहानपणापासून पाठ असलेला, आणि त्या रविवारी शिवणवालीच्या तोंडूनही ऐकलेला. त्याला तो म्हणवेना.

"नकाशाचं राहू दे रे," बाई म्हणाल्या. "मूर्खपणा केलास, आम्ही घर बदलू. आतापर्यंत तीनदा बदललंय. नवऱ्यांना काय, टाचणी नसली तरी वास लागतो."

"मग मला आत का..."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, ते फार कठीण होतं. "तू तिला वाचवलंस," त्या म्हणाल्या. "हे मी कोर्टातसुद्धा सांगेन, कुठेही सांगेन. पण या घरात रात्री बायका दचकून उठतात, आणि मी त्यांना विचारते, कोण दिसलं? आठवडाभर त्या ज्याचं नाव घेतायत ना, तो तुरुंगात नाहीये." मग त्यांनी विचारलं, "तुझं वय किती रे?" त्याने सांगितलं. "वेळ आहे," बाई म्हणाल्या. एवढंच. कशाला वेळ आहे, हे नाही सांगितलं.

टेम्पोच्या मागच्या फळीवर शिवणवाली बसली होती, यंत्राला टेकून. हनुवटीला पट्टी. तिने त्याला पाहिलं आणि मान खाली घातली. मग हळूच, सामान सरकवल्याचं निमित्त करून, ती बसल्या जागी फिरली. उजवी बाजू जाळीकडे केली. ऐकू येणारी. तो जिथे उभा होता तिथून पाऊल जरी वाजलं असतं तरी तिला कळलं असतं. त्याने हात खिशात घातले. दोन्ही. खिशातही ते त्याला मोठे वाटत होते.

"बरं, मी जातो," तो म्हणाला.

"जातोस कुठे? पासवर्ड सांग आधी," बाई म्हणाल्या. "ती टाचणी काढायला नको का? संकेत येईल फोनवर, मावशी डबा घेऊन बसल्यायत. लिहा हो मावशी."

पासवर्ड लिहून ठेवणं म्हणजे घराची किल्ली फाटकाला टांगणं, असं त्याने याच दोघींना पन्नासदा बजावलं होतं. त्याने घसा साफ केला आणि जाळीतून एकेक अक्षर सांगू लागला, मोठं कुठलं, छोटं कुठलं, आकडे कुठले. मावशींनी विजेच्या जुन्या बिलाची पाठ प्लास्टरवर ठेवली होती आणि डाव्या हाताने, जीभ बाहेर काढून, लिहीत होत्या. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मधेच मावशी अडल्या. त्यांनी पेन वर केलं, कागद बघितला, त्याच्याकडे बघितलं. मग कागद आणि पेन जाळीच्या भोकातून बाहेर सरकवलं, बोटं लागणार नाहीत अशा बेताने, अगदी टोकाला धरून.

"तेवढी गोगलगाय तू काढून दे," त्या म्हणाल्या. "मला डाव्या हाताने जमत नाही."